सहा इंची वीर आणि परिग्रहाचे परिमाण



दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण करून परतताना घरोघरच्या अंगणात मुलांनी रचलेले किल्ले दिसतात. दगडविटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर काळ्या मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव आणि त्या हिरवळीतून डोकावणारी मातीची चित्रे. सिंहासनावर छत्रपती सर्वांत उंच, दरवाजाशी भालदार, तोफेजवळ गोलंदाज, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई. दहा मावळ्यांचे पुढच्या वर्षी वीस होतात, जुन्यांना नवा रंग दिला जातो आणि सणानंतर सारे खोक्यात बंद होऊन माळ्यावर जातात. मुलाला चित्रे जमवण्याचे व्यसन लागले, अशी तक्रार मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

या महिन्यात ज्या छंदाविषयी लिहीत आहे, तो या किल्ल्याच्याच कुळातला आहे असे माझे मत आहे. चित्रपटांतील महानायकांचे आणि व्हिडिओ गेममधील योद्ध्यांचे हातपाय वळणारे पुतळे जमवायचे, त्यांना निरनिराळ्या आविर्भावांत उभे करायचे आणि त्यांची छायाचित्रे काढायची. मोठ्या शहरांतला हा छंद आता आमच्या वेळापूरसारख्या गावातही येऊन पोहोचला आहे, आणि आपल्या समाजातील काही घरांत त्यावरून बापलेकांचे बोलणे तुटण्यापर्यंत मजल गेली आहे. म्हणून त्याची थोडी साकल्याने ओळख करून घ्यावी.

अशा पुतळ्याला ‘बाहुला’ म्हटलेले या मुलांना मुळीच खपत नाही. ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणावे लागते. हा आग्रह पोरकट वाटेल, परंतु त्याच्या मुळाशी शुद्ध व्यापार आहे. अमेरिकेत 1959 साली बार्बी बाहुली बाजारात आली आणि तिच्या पाठोपाठ तिच्या पोशाखांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये तीच युक्ती मुलग्यांसाठी योजली आणि सुमारे बारा इंच उंचीचा ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक काढला. मुलग्यांच्या हाती बाहुली कोण देणार, म्हणून तिचे नाव बदलले. नाव बदलले की गिऱ्हाईक बदलते, हे पेढीवर बसणाऱ्या वाचकांना मी काय सांगावे!

पुढे 1977 मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. त्यातील पात्रांचे पुतळे काढण्याचा हक्क केनर कंपनीकडे होता. पण चित्रपट एवढा चालेल याचा अंदाज नसल्याने नाताळ तोंडावर आला तरी माल तयार नव्हता. कंपनीने तेव्हा पुठ्ठ्याचा एक सचित्र लखोटा विक्रीस ठेवला. त्यात एक प्रमाणपत्र होते. ते टपालाने परत पाठवले की नव्या वर्षात चार पुतळे घरपोच मिळणार होते. मालाशिवाय खोका विकून आगाऊ रक्कम जमा करण्याचा हा व्यवहार यशस्वी झाला आणि पुतळे नंतर खरोखर पोहोचलेही. ते पावणेचार इंचांचे होते. अनेक वर्षे तेच माप चालले. आज संग्राहकांत सहा इंचांचे माप अधिक प्रिय आहे. सहा फुटांचा माणूस सहा इंचांत, म्हणजे एकास बारा, हा हिशेब सोपा पडतो.

हे पुतळे माणसांचे की आणखी कशाचे, हा वाद एकदा न्यायालयातही गेला होता. अमेरिकेच्या जकातीच्या कोष्टकात माणसाची प्रतिकृती म्हणजे ‘बाहुली’ आणि तिच्यावर 12 टक्के शुल्क होते. माणूस नसलेल्या प्राण्याची प्रतिकृती म्हणजे ‘खेळणे’ आणि त्यावर 6.8 टक्के. टॉय बिझ या कंपनीने ‘एक्स-मेन’ मालिकेतील वीरांचे पुतळे आयात केले होते. तिने न्यायालयात असा पक्ष मांडला की हे वीर माणसे नव्हेत, सबब कमी दराने शुल्क घ्यावे. 2003 च्या जानेवारीत न्यायमूर्ती जुडिथ बार्झिले यांनी तो मान्य केला. मौज अशी की, ‘आम्हांलाही माणूस माना’ ही त्या वीरांची कथेतील आयुष्यभराची मागणी, आणि त्यांच्या मालकांनीच सव्वापाच टक्क्यांच्या आत-बाहेर रकमेसाठी त्यांचे मनुष्यत्व सोडून दिले. वाचकांचा रोष ओढवला तो वेगळाच.

आपल्या देशात ‘ही-मॅन’चे पुतळे लिओ कंपनीने काढले. एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 साली सुरू झालेल्या फनस्कूलने ‘जी. आय. जो’ गोव्याच्या कारखान्यात बनवला. साचे परदेशी, पण रंगसंगती पुष्कळदा इथली. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इकडे पिवळा-निळा होऊन निघाला. त्या काळी ते कोणाला खटकले असेल तर असो. आज परदेशातील संग्राहक त्याच वेगळ्या रंगांसाठी हे भारतीय पुतळे शोधत असतात.

अलीकडे मात्र चांगला परदेशी पुतळा महाग झाला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले आणि 2023 च्या अर्थसंकल्पात ते 70 टक्के झाले. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले. देशी कारखानदारीला उत्तेजन देण्याचा हेतू योग्य आहे. परंतु अस्सल माल महागला की नकली माल मागच्या दाराने येतो, हा बाजाराचा स्वभाव. हुबेहूब खोका, तेच नाव, एखादे अक्षर इकडचे तिकडे, आत मात्र पोकळ प्लास्टिक आणि ओघळलेला रंग. खेळण्यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बंधूंना येथे थोडे थांबून एक आठवण द्यावीशी वाटते. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे आणि ‘विरुद्ध राज्यातिक्रम’ही आहे. पहिला नकली मालाविषयी, दुसरा राज्याचे निर्बंध चुकवून केलेल्या व्यवहाराविषयी. चिन्हाशिवायच्या नकली पुतळ्याच्या एकाच खोक्यात हे दोन्ही अतिचार शेजारी शेजारी बसलेले असतात.

आता प्रत्यक्ष छंदाकडे वळू. येथील एका कापड दुकानदारांचा मुलगा, बी.कॉम. होऊन दोन वर्षांपासून दुकानातच बसतो. त्याच्यासोबत मी काही सकाळी निरा उजव्या कालव्याच्या बाजूने फिरायला गेलो, तेव्हा हे काम जवळून पाहायला मिळाले. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत तीन-चार पुतळे, तांब्याची बारीक तार, फुलझाडांवर पाणी फवारायची बाटली, टाल्कम पावडरचा डबा आणि थर्मोकोलचा पांढरा तुकडा. छायाचित्र काढायला मोबाइलच. सर्वांत आधी तो जमिनीवर चक्क पालथा पडतो. कारण कॅमेरा पुतळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला पाहिजे. उभ्याने खाली पाहून काढलेल्या चित्रात पुतळा खेळणेच दिसतो. त्याच्या नजरेच्या रेषेत गेले की अर्ध्या इंचाचा खडा सहा इंचांचा दगड होतो आणि उसाची सरी दरीसारखी भासते.

उन्हाची वेळ त्याने ठरवून घेतलेली आहे. सूर्योदयानंतरचा अर्धा-पाऊण तास. ऊन पुतळ्याच्या पाठीमागून यावे, म्हणजे कडा उजळतात. मग चेहऱ्यावरचा काळोख दूर करायला समोर थर्मोकोलचा तुकडा धरायचा. उडी मारणारा वीर तारेवर उभा असतो, ती तार नंतर मोबाइलवर पुसून टाकतात. घोड्याच्या टापांची असो वा स्फोटाची, धूळ हवी असेल तेव्हा टाल्कम पावडरची चिमूट फुंकायची. इतके सगळे करून पन्नास चित्रांतले एखादे त्याच्या पसंतीस उतरते.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार मार्मिक वाटली. तो म्हणाला, “काका, सगळं लहान करता येतं, पाणी आणि आग तेवढी लहान होत नाही.” म्हणजे असे की, पुतळ्यावर पडलेला पाण्याचा थेंब त्याच्या मस्तकाएवढा दिसतो आणि मेणबत्तीची ज्योत घर पेटल्यासारखी दिसत नाही, मेणबत्तीचीच दिसते. माप फसवता येत नाही. म्हणून पाऊस आणि ज्वाळा दाखवायच्या चित्रांत नवशिका लगेच उघडा पडतो. (अप्काय आणि अग्निकाय जीवांची विराधना त्यामुळे आपोआप टळते, असे मी त्याला म्हटले, तो हसला, पण त्याच्या आजीने ते फार गांभीर्याने ऐकून घेतले.)

पुतळे सांभाळणे हेही सोलापूर जिल्ह्यात सोपे काम नाही. ते बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचे असतात. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते मऊ पडतात. एका पायावर उभा केलेला योद्धा आठवड्यात घोट्यातून वाकतो आणि तोंडावर पडतो. बंद खोक्यात उष्णता साठली तर प्लास्टिक मऊ ठेवणारा द्रव वर झिरपतो आणि पुतळा हाताला चिकट लागतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा लागतो. थेट ऊन लागले की पांढरा रंग पिवळा होतो. म्हणून या मुलाने कपाट पश्चिमेच्या भिंतीवरून हलवून आतल्या खोलीत नेले आहे, उन्हाळ्यात सगळे वीर आडवे निजवून ठेवतो आणि दारे थोडी उघडी. आपल्या वडिलांनी रेशमी साड्यांची काळजी घ्यायची पद्धत त्याने नकळत उचललेली आहे, ही माझी समजूत.

घरातली पहिली तक्रार हिंसेची होती. आजींचे म्हणणे असे की, अहिंसेचे नाव घेणाऱ्या घरात कुऱ्हाडी आणि तलवारी घेतलेले हे राक्षस कशाला? या प्रश्नाला पोथीत आधार नाही असे कोणी समजू नये. यशोधर राजाची कथा आपल्याला ठाऊक आहे. आईच्या आग्रहाखातर जिवंत कोंबड्याऐवजी त्याने पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला आणि तरीही मायलेकरांना त्या कर्माचे फळ म्हणून जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनींत फिरावे लागले. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इसवी सन 959 मध्ये, ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथात ही कथा विस्ताराने सांगितली. त्या ग्रंथावरील कृष्णकांत हंदिकी यांचा मोठा इंग्रजी अभ्यासग्रंथ 1949 मध्ये आपल्याच सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. तेव्हा प्रतिकृतीवर उगारलेल्या शस्त्राचा प्रश्न आपल्या परंपरेने हजार वर्षांपूर्वीच गंभीरपणे घेतलेला आहे.

परंतु कथा नीट वाचावी. राजाने पिठाच्या गोळ्यावर घाव घातला तो हा कोंबडाच आहे, आणि याच्या वधाने देवी प्रसन्न होईल, या संकल्पाने. कर्म बांधले ते त्या संकल्पाने. पालथा पडून तासभर एका पुतळ्याचा खांदा किंचित कलता करणाऱ्या मुलाच्या मनात कोणाला मारण्याचा भाव मला दिसला नाही. तिथे होती ती एकाग्रता. तरीही आजींचे म्हणणे मी सर्वस्वी सोडून देणार नाही. काही गेममधील योद्ध्यांच्या पुतळ्यांबरोबर तुटलेली मस्तके आणि रक्ताचे फवारे असे सुटे भाग येतात. ते लढाईचे दृश्य नसते, क्रौर्याची चव असते. असा पुतळा आपल्या घरात येऊ नये, आणि आला असल्यास ते भाग कपाटात ठेवू नयेत. किल्ल्यावरच्या मावळ्याच्या हातातही तलवार असते; त्याच्या पायाशी आपण कधी शीर ठेवत नाही.

दुसरी तक्रार पैशांची, आणि खरा प्रश्न तिथे होता. गेल्या वर्षीचा हिशेब लावताना दुकानदारांच्या लक्षात आले की ‘किरकोळ खर्च’ या सदरात 38,000 रुपये जास्त गेले आहेत. वडील मालाच्या खरेदीला सुरतेला गेले की पार्सल येई, मुलगा गल्ल्यातून पैसे देई आणि रोजमेळात ‘किरकोळ’ लिही. वडिलांनी कपाट उघडून सारे पुतळे पोत्यात भरले आणि भंगारवाल्याला हाक मारायला माणूस पाठवला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दोघेही माझ्याकडे आले, वडील म्हणाले, “साहेब, तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत. याला समजावा, ही गुंतवणूक आहे म्हणतो.”

गुंतवणुकीचा मुद्दा मी प्रथम निकालात काढला. बँकेत असताना आम्ही सोन्यावर, विमा पॉलिसीवर, राष्ट्रीय बचतपत्रांवर कर्ज देत असू. कारण त्या वस्तूची किंमत दुसरा कोणीही तीच सांगेल आणि ती उद्या सकाळी वसूल करता येईल. पुतळ्याची किंमत त्याच्यासाठी वेड्या झालेल्या दुसऱ्या माणसाला शोधून काढेपर्यंत अस्तित्वातच नसते. त्यातही भाव मिळतो तो न उघडलेल्या खोक्याला. काही संग्राहक म्हणूनच खोका फोडत नाहीत; एक ठेवायला, एक विकायला अशी जोडी घेतात. त्याला मी छंद म्हणणार नाही, तो सट्टा आहे, आणि सट्ट्यात हार झाली तर निदान आनंद तरी झाला असे म्हणण्याची सोय नसते. या मुलाच्या एकाही पुतळ्याचा खोका बंद नव्हता. सर्वांच्या कोपरांवर ओरखडे होते, एकाच्या पावलात कालव्याचा चिखल वाळलेला होता. त्याचा सर्वांत जुना स्पायडर-मॅन माउलींच्या पालखीच्या मुक्कामात रस्त्यावरच्या पथारीवरून घेतलेला, रंग उडालेला. भंगारातसुद्धा त्याला कोणी विचारणार नाही. हा खर्च होता, सरळ खर्च, आणि खर्च म्हणूनच तो लिहायला हवा होता.

मग मी वडिलांना विचारले, “मुलाला महिना पगार किती देता?” ते माझ्याकडे पाहत राहिले. “घरचाच मुलगा. त्याला पगार कसला? सगळं त्याचंच आहे.”

आपल्या समाजातील अनेक पेढ्यांवर हे उत्तर मिळेल, आणि ते प्रेमानेच दिलेले असेल. पण त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा सकाळी नवापासून रात्री नवापर्यंत गादीवर बसतो, सगळे त्याचेच असते आणि त्याच्या खिशातला एकही रुपया त्याचा नसतो. वहीत तो नोकरही नाही आणि भागीदारही नाही. अशा मुलाने चहा प्यायला तरी तो मागून प्यावा लागतो, आणि मागायची लाज वाटली की हात गल्ल्याकडे जातो. चोरी झाली हे मी मुलाला स्पष्ट सांगितले. ‘किरकोळ’ हा शब्द लिहिताना त्याला ती ठाऊक होती. पण त्या चोरीला वाट करून देणारी ही रीत बदलणे वडिलांच्या हातात आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. आता त्याला दरमहा ठराविक पगार मिळतो, त्याच्या बचत खात्यात धनादेशाने. त्यातून त्याने 38,000 रुपये हप्त्याहप्त्याने परत करायचे आहेत. पाच हप्ते झाले. पुतळ्यांचे पार्सल येते तेव्हा त्याच्याच खात्यातून पैसे जातात. येण्याचे प्रमाण एकदम घटले, हे वडिलांनी मला आश्चर्याने सांगितले. मला आश्चर्य वाटले नाही.

राहिला प्रश्न परिग्रहाचा. उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूने केलेली नाही, मूर्च्छेने केली आहे; वस्तूवर जडलेला ममत्वभाव हा परिग्रह. श्रावकाला त्यासाठी परिमाण सांगितले. क्षेत्र, वास्तू, सोने-रुपे, धन-धान्य अशी मर्यादा आधी बोलायची आणि ती पाळायची. पुतळे यांत कोठे बसतात याविषयी घरात थोडी चर्चा झाली. दास-दासींत धरावे अशी धाकट्या बहिणीची सूचना होती. अखेर भांडी-कपडे ज्या ‘कुप्य’ या सदरात येतात त्यात ते घालण्यात आले. तेव्हा त्याच्याकडे एकतीस पुतळे होते. त्याने परिमाण पंचवीसांचे घेतले. नवा आणायचा तर आधी एक बाहेर काढायचा.

कोणते सहा काढायचे हे ठरवायला त्याला एक महिना लागला. निकष त्याचा त्यानेच शोधला. वर्षभरात ज्याचे एकही छायाचित्र काढले नाही तो पुतळा जाणार. कॅमेरा हाती असलेल्याला जमवणाऱ्यापेक्षा मर्यादा सोपी जाते, असे मला त्या महिन्यात वाटू लागले. त्याला वस्तूपेक्षा तिच्यावर पडणारे ऊन हवे असते, आणि ऊन कपाटात ठेवता येत नाही. चार पुतळे नातेपुते आणि अकलूजच्या भावंडांकडे गेले. एक क्रेटॉस, ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममधला, आजींच्या आक्षेपामुळे आधीच यादीत होता. सहावा काढताना तो अडला, कारण निकषानुसार तो होता पालखीतला स्पायडर-मॅन. त्याला त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे कालव्यावर नेले आणि एक छायाचित्र काढून आणले. नियमात बसते, म्हणून मी काही बोललो नाही. दुसराच कोणी गेला.

परवा तो नवा प्रश्न घेऊन आला. प्रत्येक पुतळ्याबरोबर चार-सहा सुटे हात, दोन-तीन चेहरे, ढाल, तलवार असे येते. ते परिमाणात वेगळे मोजायचे की पुतळ्यातच धरायचे? मी त्याला टीकाकारांचा दाखला दिला. दोन शेतांमधला बांध काढून ‘हे एकच शेत’ म्हणणारा श्रावक मर्यादा शब्दात पाळतो, पण व्रताला अतिचार लागतो. मुलाचा चेहरा उतरला. दुकानाच्या दारात कापडाचा गठ्ठा सोडत बसलेल्या वडिलांनी मान वर न करता विचारले, “साहेब, साडीबरोबरचा ब्लाउजपीस आम्ही स्टॉकमध्ये कधी वेगळा धरलाय का?”